टुलुमचे सेनोते: पोहणं, स्नॉर्केल आणि डाइव्ह, कुणी कुठे उतरावं

प्रश्न थोडक्यात असा. मुलुंडचं चौघांचं कुटुंब डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात मेक्सिकोला चाललंय, त्यातले तीन दिवस टुलुमजवळ मुक्काम आहे. तिथले सेनोते, म्हणजे चुनखडीचं छत कोसळून उघडे पडलेले पाण्याचे डोह, बघायचे आहेत. पोहायचं आहे, स्नॉर्केल (तोंडात नळी धरून, पाण्यावर पालथं तरंगत खालचं बघणं) करायचं आहे, जमलं तर डाइव्हही करायची आहे. नवऱ्याकडे अंदमानला काढलेलं ओपन वॉटर, म्हणजे डाइव्हचं पहिल्या पायरीचं सर्टिफिकेट आहे, पण गेल्या तीन वर्षांत एकही डाइव्ह नाही. बायको तरणतलावात नियमित पोहते आणि मालवणला दोनदा स्कुबा केलंय. मुलगी १३ वर्षांची. मुलगा ८ वर्षांचा, पोहता येतं पण खोल पाण्याची सवय नाही. कोणता सेनोते निवडायचा, सोबत काय न्यायचं, काय टाळायचं आणि मुंबईच्या जवळपास असं काही आहे का, हे बायकोने विचारलंय. पुढे ‘तुम्ही’ म्हणतो ते त्यांनाच.

सगळे जण पहिल्यांदा विचारतात, ‘किती खोल आहे?’ सेनोतेच्या बाबतीत त्याआधी विचारायचा प्रश्न वेगळा आहे: डोक्यावर काय आहे? वर आकाश असेल तर खाली पाणी ८ मीटर असो की ४०, लाइफ जॅकेट घातलेला माणूस तरंगतच राहतो. वर दगड असेल तर ३ मीटर खोलीवरसुद्धा सरळ वर येता येत नाही, आलात तसं मागे वळून बाहेर पडावं लागतं. पुढची सगळी निवड या एका फरकावर करा.

हे डोह झाले कसे ते आधी समजून घ्या, कारण तिथले बहुतेक धोके त्यातूनच आलेत. टुलुम ज्यावर आहे तो युकातान द्वीपकल्प म्हणजे चुनखडीचं सपाट पठार. उत्तर भागात जमिनीवर नद्या जवळजवळ नाहीतच. पाऊस खाली मुरतो, दगड विरघळवतो आणि भुयारांतून समुद्राकडे वाहतो. हिमयुगात समुद्राची पातळी आजच्यापेक्षा सुमारे १२० मीटर खाली होती, तेव्हा ही भुयारं कोरडी होती. छतातून थेंब थेंब पाणी गळून चुन्याचे झुंबरासारखे सुळके तयार झाले. मग समुद्र वर आला आणि भुयारं भरली. जिथे छत पातळ होतं तिथे ते कोसळलं, तो झाला सेनोते. तिथल्या मूळच्या माया लोकांच्या भाषेतला शब्द ‘झोनोत’, स्पॅनिश लोकांनी त्याचा सेनोते केला.

आता यातून काय निघतं ते बघा. छत कोसळलं तेव्हा तो ढिगारा कुठे गेला? बरोबर खाली, मधोमध. म्हणून बऱ्याच सेनोतेंमध्ये मध्यभाग उथळ आणि कडा खोल असतात, आपल्या विहिरीच्या अगदी उलट. गावच्या विहिरीत पाठीला डबा बांधून पोहायला शिकलेल्या माणसाला मधोमध उडी मारणं सुरक्षित वाटतं. इथे ती सवय विसरायची. उडी फक्त लाकडी फळी किंवा पायरी जिथे उडीसाठी म्हणून बांधली आहे तिथूनच, पाय खाली करून आणि खालचा माणूस बाजूला झाल्यावर. सूर मारायचा नाही. ५ मीटरवरून उडी मारली तर पाण्यावर आदळताना वेग ताशी ३५ किलोमीटरच्या आसपास असतो. काचेसारख्या पाण्यातला दगड नेमका किती खोल आहे, याचा अंदाज त्या वेगात घ्यायला वेळ नसतो. प्रत्यक्षात तो दिसतो त्यापेक्षा खोल असतो, पण पाणी इतकं स्वच्छ असतं की सवय नसलेल्याला अंतरच कळत नाही.

दुसरं, डोहाच्या कडेला भुयारांची तोंडं असतात आणि ती कुठवर जातात याला सीमा नाही. टुलुमजवळची साक आक्तुन ही भुयारव्यवस्था २०१८ साली दोस ओहोस या सेनोतेच्या भुयारांना जोडलेली आढळली, तेव्हा मोजलेली लांबी ३४७ किलोमीटर झाली. मुलुंड ते कोल्हापूर रस्त्याने जेवढं, साधारण तेवढं पाण्याखालचं भुयार. कडेच्या अंधारात ‘जरा डोकावून’ येणं स्नॉर्केलवाल्याने करू नये. श्वास रोखून छताखाली शिरणं तर अजिबात नको.

तिसरं म्हणजे खालचं पाणी. किनाऱ्याजवळच्या सेनोतेत वर गोडं पाणी आणि खाली जमिनीतून शिरलेलं समुद्राचं खारं पाणी असतं. त्याबद्दल डाइव्हच्या भागात सांगतो.

आधी पोहणाऱ्यांचं आणि स्नॉर्केलवाल्यांचं, कारण तुमच्या चौघांपैकी तिघांसाठी सेनोते म्हणजे हेच आहे, आणि त्यात काही कमीपणा नाही. खरं सौंदर्य वरच्या ३–४ मीटरमध्येच असतं: ऊन पाण्यात तिरकं उतरलेलं, खाली पांढरे सुळके, मुळं लोंबकळताहेत, छोटे मासे. ८ वर्षांच्या मुलाला धरून निवड करायची, कारण गटातला सर्वांत कच्चा माणूस ठरवतो तोच आपला डोह. आस्सुल आणि क्रिस्तालिनो हे प्लाया देल कार्मेनच्या दक्षिणेचे उघडे डोह. तिथे उथळ कोपरे आहेत, मुलाला पाय टेकवून सुरुवात करता येते. कासा सेनोते समुद्राला लागून खारफुटीतून जाणाऱ्या पाण्याच्या ओहोळासारखा आहे, वर पूर्ण आकाश, खोली ८ मीटरच्या आतबाहेर. स्नॉर्केल शिकवायला याच्यासारखी जागा नाही. ग्रान सेनोते आणि दोस ओहोस जास्त देखणे, पण छताखालचे भागही आहेत. मुलगी आणि तुम्ही दोस ओहोसला लाइफ जॅकेट घालून, गाइडबरोबर, उजेडातल्या भागात जाऊ शकता. मुलाला तिथे आग्रह करू नका. अंधाऱ्या कडेपाशी मूल घाबरलं की पुढचे तीन दिवस पाण्याजवळ येत नाही.

इक किल हा सेनोते चिचेन इत्सा या जुन्या माया नगरीच्या अवशेषांजवळ आहे. जमिनीपासून २६ मीटर खाली पाणी, गोल तोंड, वरून वेली सोडलेल्या. फोटोत दिसतो तो बहुतेक वेळा हाच. खोली ४० मीटरच्या वर, तळ दिसत नाही, लाइफ जॅकेट सक्तीचं. उत्तम पोहणाऱ्यालाही जॅकेट घालायला लावतात म्हणून नाराज होऊ नका, तिथे दुपारी इतकी गर्दी असते की कुणाच्या तरी पायाची लाथ बसतेच. आणि चिचेन इत्साच्या आवारातला ‘पवित्र सेनोते’ फक्त बघायचा आहे. माया लोक तिथे देवाला वस्तू आणि माणसंही अर्पण करत.

मास्कबद्दल थोडं जास्त बोलतो, कारण स्नॉर्केलचा दिवस बिघडतो तो नव्वद टक्के वेळा मास्कमुळेच. मास्क घेताना पट्टा डोक्यामागे न लावता नुसता चेहऱ्यावर ठेवा, नाकाने हलकाच श्वास आत ओढा आणि हात सोडा. तसाच चिकटून राहिला तर तो तुमच्या चेहऱ्याचा. पडला तर पट्टा कितीही आवळा, पाणी शिरणारच. उलट जास्त आवळल्यावर कडेची सिलिकॉनची झालर दुमडते आणि गळती वाढते. मिशी असेल तर नाकाच्या लगेच खालची पट्टी, तीन-चार मिलिमीटर, साफ करा. तेवढी जागा सिलिकॉनला बसायला पुरते. केसाची एक बट झालरीखाली अडकली तरी थेंब थेंब पाणी येतं, म्हणून मुलीचे केस मागे घट्ट बांधून मग मास्क. नव्या मास्कच्या काचेवर कारखान्यातला सिलिकॉनचा थर असतो. साधी पांढरी टूथपेस्ट बोटाने आतून दोन-तीनदा घासून धुवा, नाहीतर काच सतत धुरकट होईल. हे मुंबईतच करून न्या. चष्मा असेल तर नंबरच्या काचा बसवलेला मास्क मिळतो, वजा नंबरसाठी तो तयार मिळतो. सबंध चेहरा झाकणारे मास्क मुलांना देऊ नका. त्यात पाणी शिरलं तर पटकन काढता येत नाहीत आणि सोडलेली हवा आत साचून पुन्हा श्वासात येते.

मुलाचं स्नॉर्केल मुलाच्याच मापाचं हवं. मोठ्यांच्या नळीत हवा जास्त मावते, लहान फुप्फुसाला तीच शिळी हवा परत ओढावी लागते आणि धाप लागते. जाण्याआधी तरणतलावात तीन-चार दिवस सराव करा. पहिल्या दिवशी कठडा धरून नुसता तोंडाने श्वास. दुसऱ्या दिवशी नळीत मुद्दाम पाणी भरून जोरात फुंकून बाहेर काढणं, दहा वेळा. हे आलं की निम्मी भीती गेली. तिसऱ्या दिवशी लाइफ जॅकेट घालून पालथं तरंगणं. जॅकेट माणसाला उभं करू बघतं, त्यामुळे पालथं राहणं वेगळं शिकावं लागतं. मुलाच्या जॅकेटला दोन पायांमधून जाणारा पट्टा असलाच पाहिजे, नाहीतर ते वर सरकून हनुवटीला लागतं. पाण्यात एका मुलामागे एक मोठा माणूस, हात लांब केला तर लागेल इतक्या अंतरावर.

पाण्याचं तापमान बाराही महिने २४–२५ अंश. ऐकायला छान वाटतं. पण मालवण-अंदमानला २७ ते २९ अंशांत डुंबलेल्या अंगाला हे वीस मिनिटांत गार वाटायला लागतं, कारण पाणी अंगातली उष्णता हवेपेक्षा साधारण २५ पट वेगाने ओढतं. वर छत असेल तर ऊनही नाही. मुलांना ३ मिलिमीटरचा अर्धा वेटसूट भाड्याने घ्या. ओठ निळसर झाले किंवा मूल गप्प झालं की बाहेर काढा, ‘अजून पाच मिनिटं’ ऐकू नका.

सनस्क्रीन, डासांचं मलम, केसांचं तेल, परफ्यूम यांपैकी काहीही अंगावर लावून उतरायचं नाही. तिथे उतरण्याआधी शॉवर घ्यायला लावतात. हा नियम उगाच केलेला नाही. त्या पठाराचं पिण्याचं पाणी म्हणजे हेच भुयारातलं पाणी, दुसरा साठाच नाही. तानसा-वैतरणेच्या तलावात रोज हजारो लोक तेल चोपडून डुंबले तर आपल्याला कसं वाटेल? उन्हासाठी लांब हातांचा लायक्रा टी-शर्ट घाला. डासांचं मलम बाहेर आल्यावर, कपडे बदलल्यावर.

आता डाइव्ह. तुमच्याबद्दल आधी स्पष्ट बोलायला हवं. मालवणला दोनदा केलेलं स्कुबा हे सर्टिफिकेट नाही. तिथे प्रशिक्षक तुमची टाकी धरून नेतो, तरंगणं, हवा, खोली सगळं त्याच्या हातात असतं. पाण्याखाली श्वास घेता येतो एवढं त्यातून कळतं, आणि तेही चांगलंच. पण छताखाली त्या अनुभवावर जाता येत नाही, आणि कुणी नेतो म्हणाला तर त्याच्याकडे जाऊ नका. तुम्हाला आणि मुलीला टाकी लावायचीच असेल तर कासा सेनोतेसारख्या उघड्या जागी प्रशिक्षकाबरोबर पहिली ओळख करून घेता येईल. त्यासाठी किमान वय १० आहे.

नवऱ्यासाठी नियम असे आहेत. ओपन वॉटरवाल्याला सेनोतेत जी डाइव्ह मिळते तिला कॅव्हर्न डाइव्ह म्हणतात. त्याच्या मर्यादा ठरलेल्या आहेत: बाहेरचा उजेड सतत दिसला पाहिजे, उघड्या पाण्यापासून एकूण अंतर खोली धरून ६० मीटरच्या आत, दोन माणसं शेजारी शेजारी जाऊ शकणार नाहीत अशी अरुंद जागा नाही, आणि सलग दोरी सोबत. ओपन वॉटरची स्वतःची १८ मीटरची मर्यादाही लागू. गाइड पूर्ण गुहा-डाइव्हिंगचा प्रशिक्षित हवा, एका गाइडमागे जास्तीत जास्त चार जण. गाइड स्वतः दोन टाक्या किंवा दुहेरी व्यवस्था घेऊन उतरतो का ते आधी विचारा. तो एकाच टाकीवर, समुद्रात उतरतो तसा उतरणार असेल तर नको म्हणा. गुहेच्या आतल्या तोंडाशी थांबा सांगणारी यमदूताच्या चित्राची पाटी असते. कॅव्हर्नवाल्याचा रस्ता तिथे संपतो.

हवेचं गणित समुद्रापेक्षा वेगळं आहे. समुद्रात टाकीतला दाब ५० बार (बार हे दाबाचं माप) उरला की वर येतो. छताखाली तिसरा हिस्सा हा नियम: एक हिस्सा आत जायला, एक बाहेर यायला, एक दोघांपैकी कुणाची हवा गेली तर. साधारण ११ लिटरची ॲल्युमिनियमची टाकी २०० बारला भरली तर २२०० लिटर हवा. तिसरा हिस्सा ७३० लिटर. शांत माणूस पृष्ठभागावर मिनिटाला २० लिटर वापरतो. १० मीटरवर दाब दुप्पट, म्हणून ४०. म्हणजे आत जायला सुमारे १८ मिनिटं. काटा १३५ बारवर आला की वळायचं, आणि गटात ज्याचा काटा आधी तिथे येईल त्याच्यासाठी सगळ्यांनी वळायचं. तीन वर्षांनी उतरणारा माणूस घाबरून मिनिटाला ३० लिटरही वापरतो, तेव्हा ही १८ मिनिटं १२ होतात. म्हणून गाइडला पहिल्याच भेटीत खरं सांगा की किती वर्षांनी उतरतोय.

वजन हा दुसरा ठेच लागणारा दगड. गोडं पाणी समुद्राच्या पाण्यापेक्षा साधारण अडीच टक्के हलकं. माणूस अधिक सामान मिळून ९० किलो असेल तर समुद्रातल्यापेक्षा सव्वादोन किलो वजन कमी लागतं. अंदमानच्या डाइव्हच्या नोंदवहीत ६ किलो लिहिलंय म्हणून तेवढंच मागितलं तर तो जड होणार, बीसीडीत, म्हणजे तरंगणं सांभाळायच्या हवेच्या जॅकेटात, सतत हवा भरणार, पाय खाली जाणार आणि फिनच्या, म्हणजे पायातल्या वल्ह्यांच्या, प्रत्येक फटक्याने तळाचा गाळ उठवणार. सेनोतेचा तळ पिठासारख्या बारीक गाळाचा असतो. उठला की काही सेकंदांत समोरचा हात दिसेनासा होतो, आणि प्रवाह नसल्यामुळे तो लवकर बसतही नाही. मात्र उलट टोकही नको. टाकीतली हवा संपत जाते तशी टाकी हलकी होते, दोन तृतीयांश हवा वापरली की पावणेदोन किलोने. टाकी जवळपास रिकामी असताना ३ मीटरवर स्थिर राहता येईल इतकं वजन बरोबर.

म्हणून जाण्याआधी मुंबईतच रिफ्रेशर, म्हणजे शिकलेलं पुन्हा घोटून घेणारा वर्ग, अत्यावश्यक आहे, आणि तो नुसता मास्कमधलं पाणी काढण्याचा नको. शिकवणाऱ्याला सांगा: तळापासून एक-दीड मीटरवर आडवं, हात बांधून, फिन न हलवता दोन मिनिटं स्थिर राहायचंय. मग फ्रॉग किक, म्हणजे गुडघे वाकवून पाय मागे आणि बाहेर ढकलणं. यात पाण्याचा झोत खाली न जाता मागे जातो. पाय वरखाली मारायची सवय गेली नाही तर कॅव्हर्नची डाइव्ह पुढच्या वर्षावर ढकला. तळाला एकदाही फिन न लागता तलावाची लांबी पार करता आली तर तयारी झाली समजा.

दोस ओहोस हा नवऱ्यासाठी योग्य: बहुतेक मार्ग १० मीटरच्या आत, दोरी पक्की बांधलेली, उजेड भरपूर. पण पहिली डाइव्ह कासा सेनोतेत घ्या, वजन जुळवायला. दुसरी दोस ओहोस. दोरीच्या बाजूने चालायचं, तिच्यावर लोंबकळायचं नाही. काही दिसेनासं झालं तरच अंगठा आणि तर्जनीचं कडं करून ती धरायची. दोरीवरचे बाण बाहेरच्या जवळच्या तोंडाकडे असतात. टॉर्चचा सावकाश गोल म्हणजे ठीक, सावकाश आडवी हालचाल म्हणजे इकडे बघा, भराभर आडवी म्हणजे संकट. म्हणून उगाच टॉर्च इकडेतिकडे फिरवायचा नाही. स्नॉर्केल मास्कवरून काढून ठेवायचं, लोंबणाऱ्या नळ्या अंगाशी बांधायच्या, कारण सुळक्याला अडकतात. आणि एक सुळका तुटला तर तो परत वाढणार नाही. त्याला थेंब पडायला कोरडं छत लागतं आणि ते आता पाण्याखाली आहे.

गोडं आणि खारं पाणी भेटतं ती सीमा, हॅलोक्लाइन, टुलुमच्या किनाऱ्याजवळ १० ते १५ मीटरच्या आसपास लागते. पाण्यात पाक ओतल्यावर दोन्हीच्या मध्ये जे वळसे दिसतात तसं सगळं डोळ्यांसमोर विरघळतं. मास्कमध्ये किंवा डोळ्यांत बिघाड झाला असं वाटून नवखा माणूस घाबरतो. बिघाड काही नाही. पुढच्याच्या फिनने दोन पाणी ढवळलं की असं होतं, म्हणून त्याच्या मागे न राहता किंचित वर किंवा बाजूला सरका, लगेच स्वच्छ दिसतं. खाऱ्या थरात शिरलात की अंग हलकं होतं आणि तुम्ही वर जायला लागता. तिथे घाईने बीसीडीतली हवा सोडू नका, आधी थोडा श्वास सोडून बघा.

आंखेलिता आणि एल पित या दोन खोल सेनोतेंची छायाचित्रं बघून आग्रह होईल. आंखेलितामध्ये सुमारे ३० मीटरवर ढगाचा थर आहे, त्यातून झाडाचे शेंडे वर आलेले. पाण्याखालची नदी वाटावी असं दृश्य. तो ढग म्हणजे कुजलेल्या पाल्यापासून तयार झालेला हायड्रोजन सल्फाइड वायू मिसळलेलं पाणी, गोड्या आणि खाऱ्या थराच्या मध्ये अडकलेलं. त्याखाली काळोख. ओपन वॉटरची मर्यादा १८ मीटर, आणि ३० मीटरवर नायट्रोजनमुळे विचार मंदावतो. हा डोह अ‍ॅडव्हान्स्ड सर्टिफिकेट आणि अलीकडच्या बऱ्याच डाइव्हनंतरचा. स्वच्छ पाणी खोली लपवतं, हे इजिप्तमधल्या दहाबच्या ब्लू होलने दाखवलंय. तिथे ५५ मीटरच्या आसपासच्या कमानीतून जाण्याच्या नादात किती जण गेले, त्यांच्या नावाच्या पाट्या शेजारच्या कड्यावर आहेत. मालवणच्या गढूळ पाण्यात माणूस घाबरून थांबतो, तिथे खालचं स्वच्छ दिसत राहतं म्हणून थांबत नाही.

कागदपत्रं मुंबईतूनच करून न्या. वैद्यकीय प्रश्नावली भरताना दमा, कानाची शस्त्रक्रिया, हृदयविकार यांपैकी कशालाही हो असेल तर डॉक्टरची सही लागते, आणि ती टुलुममध्ये सुट्टीच्या दिवशी मिळवणं कठीण. साध्या प्रवासविम्यात स्कुबा बहुतेक वेळा नसतं, वेगळा घ्या. सर्दी असेल तर डाइव्ह रद्द. नाक मोकळं करणारी गोळी घेऊन उतरलात आणि पाण्याखाली तिचा असर संपला तर वर येताना कानातली हवा अडकते. दाबाचा सर्वांत मोठा फरक पहिल्या १० मीटरमध्येच असतो, त्यामुळे कान दुखण्याआधी, दर मीटरला मोकळे करायचे.

तीन दिवसांची मांडणी उड्डाणावरून उलटी करा. एकाहून जास्त डाइव्ह केल्या असतील तर विमानाआधी १८ तास मध्ये जायला हवेत. टुलुम भारताच्या साडेदहा तास मागे आहे, म्हणून पहिला दिवस फक्त पोहणं आणि स्नॉर्केल, झोप न झालेल्या अंगाने डाइव्ह नको. दुसऱ्या दिवशी सकाळी डाइव्ह. तिसऱ्या दिवशी चिचेन इत्सा आणि इक किल. डिसेंबरअखेर गर्दी शिगेला असते. बसेस साडेदहा-अकराला येतात, म्हणून फाटक उघडताना पोहोचा. प्रवेशाचे पैसे पेसोत रोख ठेवा, कॅमेऱ्याला वेगळे पैसे लागतात.

शेवटी, मुंबईजवळ काय? मुंबईच्या आसपास असे डोह नाहीत आणि होणारही नाहीत. सह्याद्री हा बेसॉल्ट, तो चुनखडीसारखा विरघळत नाही. लोणारही यात बसत नाही, ते उल्केच्या आघाताचं विवर आहे. जवळचा खरा पर्याय ओमानमधला बिम्माहचा डोह, हविय्यत नज्म. मस्कतचं विमान तीनेक तासांचं, तिथून सूर या शहराच्या रस्त्याला सुमारे सव्वाशे किलोमीटर. तारा पडून खळगा झाला अशी तिथली समजूत, प्रत्यक्षात तोही चुनखडीचं छत कोसळून झालेला. काँक्रीटच्या पायऱ्या थेट पाण्यापर्यंत जातात, पाणी थोडं मचूळ, समुद्र अर्ध्या किलोमीटरवर. पायाशी छोटे मासे येऊन कातडी टोचतात, मुलाला आधीच सांगून ठेवा म्हणजे दचकणार नाही. इथे फक्त पोहणं आणि स्नॉर्केल, टाकी नाही, कड्यावरून उडी नाही. ऑक्टोबर ते मार्च जा. शुक्रवार-शनिवार त्यांची सुट्टी असते, म्हणून रविवार ते गुरुवारची सकाळ धरा. खांदे आणि गुडघे झाकणारे कपडे घालून पाण्यात उतरा. चप्पलऐवजी मागे पट्टा असलेल्या सँडल न्या, शेवटच्या दोन-तीन पायऱ्या शेवाळाने निसरड्या असतात.